आवाज बंद करून बघितली तुझी टेप

अगं, तुझी ऑडिशनची टेप बघितली, आधी आवाजासकट आणि मग आवाज बंद करून. आवाज बंद केल्यावर तू दर सेकंदाला मला सांगतेयस की बघा हं, आता धक्का बसला, आता वाईट वाटलं, आता रडू येतंय. डोळे मोठे, भुवया वर, ओठ थरथरतायत. मेहनत दिसते, पण वडील गेल्याचा फोन आलेली मुलगी काही दिसत नाही. असा फोन आलेला माणूस चेहरे करत बसत नाही गं, उलट तो चेहरा सावरायला बघतो, 'हो हो, निघतेच' म्हणतो आणि चार्जर शोधायला लागतो.

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिलेत, म्हणजे भावना खरी असली की अंगावर आपसूक उमटतात त्या खुणा, त्यातला पहिला स्तंभ, म्हणजे अंग जागच्या जागी थिजणं. मग घाम, रोमांच, आवाज फुटणं, कापरं, रंग उडणं, आणि अश्रू सातव्या नंबरवर. ते त्याच क्रमाने करायचे असतात असं नाही, पण तू पहिले सहा सोडून डायरेक्ट सातव्यावरच उतरलीस!

'फँड्री' (2013) मधला राष्ट्रगीताचा सीन परत बघ, ह्या वेळी गोष्ट विसरून फक्त माणसं बघ. अख्खं घर डुकरामागे धावतंय, शाळकरी जब्याला तर कुणी बघू नये म्हणून लपायचंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे, डुक्कर डोळ्यांदेखत निघून जातं. किशोर कदमांचा कचरू, म्हणजे जब्याचा बाप, तिथे काय करतो? काहीच नाही, हलायचीच सोय नाही त्याला. धावायचंय, ओरडायचंय, पण सगळं आत अडकलंय, आणि ते अडकणं आपल्याला दिसतं. नागराज मंजुळेंनी तिथे एखादा रागाचा डायलॉग दिला असता तर सीन मेला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून भावना ठरवू नकोस, काम ठरव आणि त्यात अडथळा घाल. मेथी निवडत बस, फोन येऊ दे, आणि ठरव की आतल्या खोलीत आई झोपलीय, तिला इतक्यात कळू द्यायचं नाही. आता बघ हात काय करतात. श्वास कुठे अडतो तेही बघ, पण मुद्दाम अडवू नकोस, ते लगेच पकडलं जातं.

रशियात शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या सिनेदिग्दर्शकाने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या प्लेटला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांना त्यात वेगवेगळे भाव दिसले असं सांगतात. वर्कशॉपवाले हे ऐकवून 'कॅमेऱ्यासमोर काही करूच नका' असं शिकवतात ते मला पटत नाही, रिकामा चेहरा पाच सेकंदांच्या वर टिकत नाही. कॅमेरा विचार पकडतो, पण तो आधी डोक्यात चालू तर असायला हवा ना.

डेली सोपमध्ये प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन तीनदा झूम जातो, तिथे मोठं एक्स्प्रेशन लागतं, तेही काम आहे, पोट भरतं, मी नावं ठेवत नाही. फक्त ती सवय इथे आणू नकोस. आणि नाटकात परत वेगळं, शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतल्या माणसाला तुझी पापणी दिसणारच नाही, तिथे पाठ, मान आणि पॉज कामाला येतात, त्यावर तालमीत बोलू.

टेप परत कर. क्यू द्यायला कुणालातरी समोर बसव, मागच्या वेळी तू समोरच्याची वाक्यंसुद्धा मनातच म्हणत होतीस, त्यामुळे ऐकायच्या आधीच तुला सगळं माहीत होतं. त्याला लेन्सच्या अगदी शेजारी बसव म्हणजे नजर भटकणार नाही. ग्लिसरीन नको. शुक्रवारपर्यंत पाठव, आणि प्लीज, मागे ते बासरीचं म्युझिक टाकू नकोस.