पाणथळ जागा वाचवण्याच्या मोहिमेत पोस्टरचा खरोखर उपयोग होतो का?

नेरुळच्या खाडीकाठच्या तळ्यांसाठी पोस्टर करू पाहणाऱ्या आपल्या गटाला माझे उत्तर 'होतो' असेच आहे. मात्र चित्र एकच गोष्ट सांगणारे आणि कोणालाही हाताने काढता येईल असे असावे. जेराल्ड होल्टम यांनी १९५८ मध्ये ब्रिटनमधील अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी केलेले, वर्तुळातील मोजक्या रेघांचे चिन्ह जगभर पसरले, कारण ते खडूच्या तुकड्यानेही काढता येते.

नवी मुंबईत फ्लेमिंगोची शिल्पे आधीच जागोजागी उभी आहेत, त्यामुळे नुसता गुलाबी पक्षी काढल्यास ती सुशोभीकरणाची जाहिरात वाटेल (आणि तिची शहराला कमतरता नाही). त्याऐवजी, भरतीत खाडीतला चिखल पाण्याखाली गेल्यावर हे पक्षी विसाव्यासाठी याच तळ्यांवर येतात, हे दाखवावे: एका बाजूला भरलेली खाडी, दुसऱ्या बाजूला बुजवलेले तळे आणि वर उतरायला जागा न सापडलेला थवा. अक्षरे जाड ठेवावीत. बारीक मात्रा-वेलांट्या स्थानकात घाईने चालणाऱ्याला दिसत नाहीत.

भिंत रंगवायची असल्यास लेखी परवानगी आधी घ्यावी, कारण महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे.