गरुड, तारे आणि एक लेफ्टनंट कर्नल

प्रश्न : 1966 मध्ये नायजेरियात याकुबू गोवन हा साधा लेफ्टनंट कर्नल थेट देशाचा प्रमुख झाला. त्याच्या वरचे अधिकारी कुठे गेले होते? आणि तिथल्या लष्करात खांद्यावरून हुद्दा कसा ओळखायचा?

उत्तर : खांद्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ब्रिटिश पद्धत डोळ्यांसमोर आणा आणि मुकुटाच्या जागी गरुड बसवा. 1963 मध्ये देश प्रजासत्ताक झाला, लष्कराच्या नावातलं 'रॉयल' गळलं, मग राणीचा मुकुट मिरवणार कोण? गरुड घेतला तो राजचिन्हावरचा. तिथे ढालीच्या माथ्यावर तो लालभडक उभा आहे.

एक तारा सेकंड लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन. नुसता गरुड म्हणजे मेजर. मग गरुडासोबत एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन कर्नल, तीन ब्रिगेडियर (आता ब्रिगेडियर जनरल म्हणतात). तलवार आणि बॅटन (अधिकाराची आखूड काठी) एकमेकांवर आडवे दिसले की समोर मेजर जनरल किंवा त्यावरचा जनरल आहे, सलाम ठोका. फिती जवानांच्या बाहीवर : कॉर्पोरलला दोन, सार्जंटला तीन.

आता गोवन. जुलै 1966 च्या बंडात लष्करी राजवटीचे प्रमुख मेजर जनरल आगियी-इरोन्सी मारले गेले. सेवाज्येष्ठतेनं पाळी होती ब्रिगेडियर ओगुंडिपे यांची. गरुड आणि तीन तारे, कागदोपत्री सगळं चोख. पण त्यांनी हुकूम सोडला तेव्हा एका साध्या सार्जंटनं 'माझ्या कॅप्टननं सांगितलं तरच' असं सुनावलं, असा किस्सा सांगतात. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही. पण त्यांचं कुणी ऐकेना हे खरं. बंडवाले बहुतेक उत्तरेकडचे, ओगुंडिपे पश्चिमेकडच्या योरुबा समाजाचे. गोवन उत्तरेचे, म्हणून त्यांच्या नावावर जमलं. वय अवघं 31! ओगुंडिपेंची रवानगी पुढे लंडनला, उच्चायुक्त म्हणून.

पूर्वेचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी मात्र हे मानलं नाही. तेही लेफ्टनंट कर्नलच. ज्येष्ठ हयात असताना बरोबरीच्यानं वर का बसावं, हा त्यांचा सवाल, आणि फौजी माणूस म्हणून मला तो रास्त वाटतो. अर्थात, बियाफ्राचं युद्ध, म्हणजे पूर्व भाग बियाफ्रा नावानं फुटून निघाल्यावरचं यादवी युद्ध, पेटलं ते एवढ्यावरून नव्हे. उत्तरेत झालेल्या इग्बोंच्या (मूळ पूर्वेकडचा समाज) कत्तली हे त्यामागचं फार मोठं कारण.

गोवन 1967 मध्ये मेजर जनरल झाले. तेव्हा जुन्या फोटोत त्यांच्या खांद्यावर गरुड आणि एकच तारा दिसला, तर फोटो त्याआधीचा समजा.