वाचकांचे प्रश्न : बेडकांच्या रोगावर पीएच.डी.

प्रश्न : प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सह्याद्रीतल्या बेडकांच्या रोगांवर संशोधन करायचे आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पावसाळ्यापासून उलटे मोजत या. बेडूक भरपूर सापडतात ते जून ते सप्टेंबर. अभयारण्यात नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. ती जूनमध्ये मागितलीत तर ते वर्ष बुडालेच. म्हणून प्रवेश मिळाला की रसायनांच्या यादीआधी परवानगीचा अर्ज करा.

प्रवेशासाठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (सीआयएफई) जलचरांच्या आरोग्यावर एम.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) आहे, पण तिला मत्स्यविज्ञानाचीच पदवी लागते. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. गाइडना मात्र एक जरूर विचारा : क्यूपीसीआर यंत्र (नमुन्यातला रोगजंतूंचा डीएनए मोजणारे) विभागातच आहे ना? दुसऱ्याच्या यंत्रापुढे रांग लावण्यात महिने जातात.

प्रश्न : हंगामात साठ बेडूक तपासले, कायट्रिड बुरशी (बेडकांच्या कातडीला रोग करणारी) एकातही नाही. ‘रोग नाही’ असे लिहू का?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नका लिहू. संसर्ग ५ टक्के असेल, तर निदान एक बाधित बेडूक ९५ टक्के खात्रीने सापडायला ५९ नमुने लागतात. तेही सगळे एकाच जातीचे आणि चाचणी अचूक असेल तरच. तुमचे साठ पाच जातींचे असतील तर जातीमागे बाराच. त्यात २० टक्के संसर्गही निसटू शकतो.

शिवाय पश्चिम घाटात ही बुरशी सापडली आहे, पण बेडकाच्या अंगावर तिचे प्रमाण बहुधा अगदी कमी असते. साध्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीला) ती दिसेलच असे नाही; नेस्टेड पीसीआर (दोन फेऱ्यांत केलेला, अधिक संवेदनशील) करून पाहा. स्वॅब (अंगावरून बोळा फिरवून घेतलेला नमुना) कसा घेतला तेही तपासा : पोटावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही मांड्यांच्या आतून आणि मागच्या दोन्ही पायांच्या पडद्यांवर पाच-पाच वेळा, एकूण तीस. स्वॅबवर चिखल आला की त्यातली द्रव्ये पीसीआर अडवतात आणि नमुना खोटाच निगेटिव्ह येतो. तो डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा, सोबत अंतर्गत नियंत्रण (चाचणी अडली की चालली हे दाखवणारा ओळखीचा डीएनए) ठेवा. प्रत्येक बेडकाला नवे हातमोजे, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याच्या नावावर लागते.

बुटांचेही तेच. ओढा बदलताना आधी चिखल घासून काढा, मग जंतुनाशक. चिखलावरून मारलेले औषध आत पोचत नाही.