बीपीसाठी अॅम्लोडिपिन बरी की टेल्मिसार्टन?

खानापूरहून तुम्ही विचारलंय, आईची अॅम्लोडिपिन बंद करून टेल्मिसार्टन दिली, ती 'हलकी' तर नाही ना? नाही ओ. बीपी दोन्ही चांगलंच उतरवतात, फरक त्रासात आहे.

आमच्या आईला ५ मिलिग्रॅम अॅम्लोडिपिनवर काही नव्हतं. १० केली आणि महिन्याभरात संध्याकाळी घोटे सुजायला लागले. चपलेचा पट्टा लागेना, बोट दाबलं की खळगा पडायचा. ही सूज मात्रेबरोबर वाढते, बायकांत जास्त दिसते. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी पायात उतरतं, म्हणून लघवीच्या गोळीनं ती फारशी हटत नाही. शेजारपाजारचे लगेच 'किडनी गेली' म्हणून मोकळे! पण नवीन सूज डॉक्टरांना दाखवाच, दम लागत असेल तर त्याच दिवशी.

टेल्मिसार्टननं सूज सहसा येत नाही. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. तिची खरी भानगड पोटॅशियम, रक्तातलं ते वाढू शकतं. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियमच असतं, ते विचारल्याशिवाय आणू नका. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. डायबेटिसमुळे लघवीतून प्रथिनं जात असतील तर मात्र डॉक्टर बहुधा हिलाच पसंती देतात.

आमच्या आईला शेवटी डॉक्टरांनी दोन्ही थोड्या-थोड्या दिल्या, सूज उतरली. बेळगावला दाखवायला जाल तेव्हा जुनी पाकिटं पिशवीत टाका.