मुंबईत हजार रुपयांच्या आसपास चांगली झिनफँडेल कोणती? गुलाबी टाळावी का?

तुम्ही लिहिलंय की लाल झिनफँडेल प्यायल्यावर घसा जळला, आणि मित्र म्हणतात गुलाबी म्हणजे सरबत, ती घेऊच नकोस. ब्रँडचं उत्तर लगेच देतो. झिनफँडेल हे वाइनचं एक द्राक्ष, त्याच्या वाइनलाही तेच नाव. त्या बजेटच्या जवळपास मुंबईत सहज मिळणारी झिनफँडेल म्हणजे नाशिकच्या सुला कंपनीची, लाल आणि रोझे (म्हणजे गुलाबी) दोन्ही. छापील किंमत बदलत राहते, ती बघून घ्या. कॅलिफोर्नियाची झिनफँडेल किंवा इटलीची प्रिमिटिव्हो (द्राक्ष तेच, हे डीएनए तपासणीत सिद्ध झालंय) या पैशात बसत नाही, कारण आयात वाइनवर मूळ सीमाशुल्कच वर्षानुवर्षं १५० टक्के होतं. हजारात कोणी 'इम्पोर्टेड झिन' देऊ करत असेल तर घेऊ नका.

आता घशाबद्दल. वाइन वाईट नव्हती, गरम होती.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण आमच्या घरात हा वाद जुना आहे. थोरले भावजी प्रत्येक जेवणात म्हणतात, 'रेड रूम टेम्परेचरलाच प्यायची, फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे अडाणीपणा.' एका मे महिन्यात दादरच्या घरी त्यांनी लाल झिनफँडेलची बाटली सकाळपासून शोकेसवर मांडून ठेवली होती. जेवणाआधी मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर त्यात बुडवला. ३१ अंश. अर्धी वाइन एका स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून ती बर्फाच्या पाण्यात ठेवली, १६ अंशांवर आल्यावर बाहेर काढली आणि दोन्ही ग्लास शेजारी ठेवले. गरम ग्लासाला नाक लावलं की पहिला भपका अल्कोहोलचा, त्यामागे शिजवलेल्या जॅमसारखा गोडसर वास, बाकी काही नाही. थंड ग्लासात जांभूळ, काळी मिरी आणि शेवटी जिभेच्या कडांना जाणवणारा आंबटपणा. भावजींनी गरम ग्लासच उचलला आणि म्हणाले, 'ही कडक आहे, म्हणजे भारी.'

व्हिस्कीचं माप वाइनला लावलं की हेच होतं. कडक लागणं हा वाइनचा गुण नाही. उष्णतेने अल्कोहोल जास्त उडतं आणि फळाचा वास झाकून टाकतं. आंबटपणा दबतो, म्हणून वाइन बोथट लागते. त्यात मटण सुक्कं तिखट असेल तर आणखी पंचाईत, कारण मिरची जिभेवरची जी जळजळीची जाणीव जागी करते तीच अल्कोहोलही चाळवतं. दोन्ही एकदम आलं की घसा जळणारच. 'रूम टेम्परेचर' हा नियम युरोपातल्या थंड दगडी घरांतला आहे, तिथली खोली १६ ते १८ अंशांची. परळच्या चाळीत किंवा अंधेरीच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात ३१-३२ अंश असतात. नियम पाळायचाच असेल तर त्यातला आकडा पाळा.

झिनफँडेलला हा त्रास इतर लाल वाइनपेक्षा जास्त का, तेही सांगतो. या द्राक्षाचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी हिरवट, काही पिकलेले आणि काही सुकून बेदाणा व्हायला लागलेले. हिरव्या मण्यांसाठी थांबलं की पिकलेल्यांत साखर वाढत जाते. रसात लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं, त्यामुळे कॅलिफोर्नियात १५ टक्क्यांच्या झिनफँडेल सर्रास दिसतात. शिवाय साल पातळ आणि घड घट्ट, म्हणून काढणीच्या वेळी पाऊस आला की सडतो. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फुटीसाठी) आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी (फळासाठी) करतात, त्यामुळे काढणी जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत येते. द्राक्षबागायतदारांना हे ठाऊकच आहे. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले आणि गंगापूर धरणाजवळ सुला उभी केली, पहिली वाइन २००० साली बाजारात आली. झिनफँडेल नाशकात आली ती त्यांच्यामुळेच.

मुंबईसाठी माझं मत स्पष्ट आहे: लेबलवर १३ ते १४ टक्के अल्कोहोल असलेली लाल घ्या. साडेचौदाच्या पुढची बाटली इथे सांभाळणं कठीण.

थंड करण्याच्या वेळा परदेशी सल्ल्यातून उचलू नका. 'वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा' हे २० अंशांच्या खोलीचं गणित आहे. आपल्याकडे ३१ अंशांवरून १६ वर यायला घरगुती फ्रिजमध्ये दीड तासाच्या आसपास लागतो. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, मधून मधून फिरवा, दहा-बारा मिनिटांत होते. नुसत्या बर्फात ठेवली तर खड्यांमधल्या हवेमुळे वेळ वाया जातो, पाणी हवंच. रोझेला ८ ते १० अंश हवेत, म्हणजे त्याच बादलीत पंचवीसेक मिनिटं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बूच वर सरकतं किंवा बाटली तडकते. ग्लासात एका वेळी १०० मिलीच ओता. पंख्याखाली वाइन भराभर तापते आणि मोठा पेग शेवटच्या घोटापर्यंत टिकत नाही.

दुकानात मी ब्रँडच्या आधी साठवण बघतो. रस्त्याकडे तोंड असलेल्या, ट्यूबलाइटखालच्या शोकेसमधली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. रोझे बहुधा पारदर्शक काचेत असते आणि उजेडाने खराब होते. मग तिला उकडलेल्या कोबीचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. रंग आधी बघा: गुलाबी ठीक, पण पिवळट-तपकिरी छटा आली असेल तर ती शिळी आहे. मागच्या लेबलवर पॅकिंगचा महिना आणि वर्ष असतं. रोझे वर्षभराच्या आतली घ्या, लाल दोन-तीन वर्षांपर्यंत चालते. बूच असेल तर तोंडावरची पन्नी बोटाने फिरवून बघा. ती चिकटून बसली असेल किंवा बूच काठाच्या वर आलं असेल तर बाटली उन्हात तापून गळलेली आहे. या किमतीत मी फिरकीचं झाकण असलेलीच बाटली पसंत करतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

गुलाबीला सरबत म्हणणाऱ्या मित्रांना एक गोष्ट सांगा. १९७५ साली कॅलिफोर्नियात सटर होम या वाइन कंपनीकडे गुलाबी झिनफँडेलचं आंबणं मध्येच थांबलं, थोडी साखर तशीच राहिली आणि ती गोडसर वाइन तुफान खपली. त्या खपामुळे तिथल्या जुन्या झिनफँडेलच्या कित्येक बागा उपटल्या जायच्या वाचल्या, आणि आज त्याच वेलींच्या महागड्या लाल वाइनचं कौतुक होतं. शिवाय आपल्या ताटाशी जुळते ती गुलाबीच. रवा लावून तळलेले बोंबील, मांदेली, कोळंबीचं सुकं, कोथिंबीर वडी, तिखट तिसऱ्या, या सगळ्यांना थंड रोझेच हवी. तिच्यातली किंचित गोडी मिरचीची धार बोथट करते. लाल वाइन तेलकट माशाबरोबर घेतली तर तोंडात लोखंडासारखी चव उरते, बांगड्याबरोबर तर हमखास.

लालसाठी ताट वेगळं: खिमा, सीख कबाब, कमी तिखटाचं मटण सुक्कं, शाकाहारी असाल तर दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी. तांबडा रस्सा किंवा ठेचा असेल तर लाल उघडूच नका. भावजींचं आणि माझं याच्यावरही जमत नाही, पण रश्शाच्या दिवशी ती बाटली फुकट जाते हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवा, लालसुद्धा. लाल दोन-तीन दिवस, रोझे तीन-चार दिवस टिकते. दोघांनाच प्यायची असेल तर उघडल्याबरोबर अर्धी एका छोट्या बाटलीत तोंडापर्यंत भरून बंद करा, आत हवा राहिली नाही की चव जास्त टिकते. ओट्यावर ठेवलेली अर्धी बाटली मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या संध्याकाळी आंबूस होते.

आणि एक राहिलं. गोड अजिबात चालत नसेल, तर गुलाबी झिनफँडेलच्या मागे लागू नका, दुसरं द्राक्ष बघा. ॲसिडिटीचा त्रास मात्र द्राक्ष बदलून जाणार नाही, आंबटपणा सगळ्याच वाइनमध्ये असतो. त्रास असताना रिकाम्या पोटी तर मुळीच नको. दुकानदाराने पर्मिट (दारू पिण्याचा परवाना) मागितलं, तर एक दिवसाचं पर्मिट बहुतेक दुकानांत तिथेच मिळतं.