आरोग्य-प्रश्नोत्तरे : गाढवाच्या कातडीचे औषध

प्रश्न : मुलगा शांघायला नोकरी करतो. तिथल्या शेजारणीने सुनेला बाळंतपणानंतर ‘अ-च्याओ’च्या काळ्या वड्या दिल्या. सुनेचे हिमोग्लोबिन ९.२ आहे. वडी दुधात उकळली, तर पातेल्याला चिकटून करपली. हे नेमके काय असते आणि कसे घ्यावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घरात शाकाहार असेल तर आधी हे सांगायला हवे, की अ-च्याओ म्हणजे गाढवाच्या कातडीचा आटवलेला रस. चीनच्या शानतुंग प्रांतातले तुंग-अ हे त्याचे जुने केंद्र. कातडे भिजवून, केस काढून, बराच वेळ उकळतात. रस गाळून घट्ट करतात, वड्या पाडून वाळवतात.

हा रस म्हणजे जिलेटिन, कातडीतले चिकट प्रथिन, म्हणून तो थेट आचेवर तळाला बसतो आणि करपतो. चिनी वैद्यही तो इतर काढ्यात उकळत नाहीत. दिवसाची मात्रा ३ ते ९ ग्रॅम. तेवढा तुकडा कुटून वाटीत दुप्पट पाण्यात घालावा, वाटी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवावी आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. तयार काढ्यात किंवा कोमट पाण्यात मिसळून लगेच प्यावे. चीनमध्ये पाण्याऐवजी तांदळाची दारू वापरतात. अंगावर पाजणाऱ्या आईने ती टाळावी. पोट बिघडले असेल किंवा सर्दी-ताप असेल, तर चिनी वैद्यही हे देत नाहीत.

पण सुनेचे रक्त वाढवायला यावर विसंबू नका. जिलेटिन अपुरे प्रथिन आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल नसते, आणि मात्राच इतकी लहान की लोहाची तूट त्यातून भरून निघत नाही. ९.२ म्हणजे मध्यम रक्तक्षय. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू करा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. चहाने लोह कमी शोषले जाते.

नकली वड्याही बऱ्याच. डुक्कर, गाय, घोडा यांचे कातडे मिसळले तर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. कुजका वास आला तर मात्र वडी सरळ फेकून द्या.

आणखी एक गोष्ट तितक्याच कळकळीने सांगतो. शेतीत यंत्रे आल्याने आणि या वड्यांपायी, १९९० च्या दशकात कोटीवर असलेली चीनमधली गाढवे ३० लाखांच्या खाली आली. गाढवीण वर्षभर गाभण राहते आणि एकच शिंगरू देते, त्यामुळे मागणीला पैदास पुरत नाही. मग कातडी आफ्रिकेतून येऊ लागली, पाणी-लाकूड वाहणाऱ्या गरीब घरांची जनावरे चोरीला गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातडीसाठी गाढवांच्या कत्तलीवर बंदी घातली. आहे तो डबा संपवायचा की नाही, हे सुनेने ठरवावे. नवा मात्र मागवू नका.