आधी गमभन, मग बाराखडी

‘मुलगी सहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, बोलतेही. पण मुळाक्षरांची वही काढली की रडारड सुरू होते. काय करू?’

ताई, ती वही काही दिवस कपाटात ठेवा. दिवसभर शाळेत दुसऱ्या लिपीशी झटून आलेल्या पोरीला संध्याकाळी पुन्हा ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत गिरवायला बसवलं तर तिच्या जिवावर येणारच.

आपल्या वर्णमालेचा क्रम सुरेख आहे. ‘क’ घशाजवळ उमटतो आणि ‘प’पर्यंत येता येता आवाज ओठांवर पोचतो. पण हा क्रम उच्चारांचा आहे, लहान हाताच्या सोयीचा नाही. पाचव्याच व्यंजनाला ‘ङ’ येतो, आणि त्याने सुरू होणारा एकही शब्द मुलाला सांगता येत नाही. म्हणून ग, म, भ, न घ्या. चौघांनाही उजवीकडे उभा दांडा आहे, एक जमलं की दुसरं हाताला ओळखीचं वाटतं. जोडीला ‘र’ द्या. मग, मन, गरम, नरम, मगर! काना नाही, मात्रा नाही, आणि मूल अख्खा शब्द वाचतं. शिवाय ‘म’चं नाव तेच आणि उच्चारही तोच, हे इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या चटकन लक्षात येतं. त्याला ते फार आवडतं.

खरी अडचण पहिल्या वेलांटीशी येते. माझा लेक ‘दिवा’ या शब्दावर बोट ठेवून अडून बसायचा. डावीकडून वाचायचं असं शिकवलेलं, त्यामुळे त्याला वेलांटी आधी दिसायची, आणि तो ‘इद... वा’ म्हणायचा. चूक त्याची नव्हतीच, लिहिताना ती खरंच आधी येते. मी त्याला सांगितलं, ही वेलांटी दारात आधी येऊन उभी राहते, पण बोलते ‘द’च्या नंतर. मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर द, म, न, प लिहून एकच वेलांटी सगळ्यांपुढे सरकवत बसलो. दि, मि, नि, पि. दोन संध्याकाळी गेल्या आणि गाडी पुढे सरकली.

मोबाइलवरचा ‘ल’ पुस्तकातल्यापेक्षा वेगळा दिसू शकतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला, पण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण असतं. दोन्ही एकच, एवढं सांगून मोकळं व्हा.

रोज मांडीवर घेऊन गोष्ट मात्र वाचाच. ओळीखालून बोट फिरवा, पण मध्येच थांबून ‘हे कुठलं अक्षर?’ असं विचारू नका. तेवढा वेळ तरी तिची परीक्षा नको.

आणि लिहायचं ते कुणालातरी. आजीला दोन शब्दांची चिठ्ठी लिहू दे, त्या चिठ्ठीचा फोटो पाठवा. ‘आजि’ लिहिलं तर लाल पेन उचलू नका. आजींनाच हाताने उत्तर लिहायला सांगा, खाली ठसठशीत अक्षरात ‘तुझी आजी’. माझ्या लेकाची वेलांटी अशाच तिसऱ्या की चौथ्या चिठ्ठीनंतर दीर्घ झाली, कुणी न सांगता.